बॉम्बे जिमखान्याचे मैदान : हिवाळ्यातले आणि पावसाळ्यातले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या जुन्या मैदानांविषयी आलेला लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला होता, आणि म्हणूनच त्यातले एक विधान डोळ्यांना खुपले. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर १९३३ साली भारतातला पहिला कसोटी सामना झाला आणि त्यानंतर हे मैदान इतिहासातून बाहेर पडले, अशा आशयाचे ते विधान होते. त्याचा पूर्वार्ध बिनचूक आहे. उत्तरार्धाला मात्र माझी हरकत आहे. ती नीट मांडायची तर पत्र काहीसे लांबेल, तेवढे सांभाळून घ्यावे ही विनंती.

मी ना क्रिकेटपटू, ना जिमखान्याचा सभासद. नोकरीची तीस-बत्तीस वर्षे डोंबिवलीहून गाडीने व्हीटीला उतरायचे आणि चर्चगेटजवळच्या कचेरीत पायी जायचे, एवढाच माझा या मैदानाशी संबंध. आझाद मैदानातून जाणारी पायवाट तेव्हा माझ्यासारख्या हजारोंच्या पायाखालची होती, आजही आहे. उजव्या हाताला खुले मैदान, तिथे एकमेकांत घुसलेले क्रिकेटचे डझनावारी सामने आणि पलीकडे कुठला ना कुठला मोर्चा. डाव्या हाताला जिमखान्याचे कुंपण आणि त्याच्या आतली ती हिरवळ. डिसेंबरात तिथे पांढऱ्या कपड्यांतले क्रिकेट दिसे. जुलैत त्याच हिरवळीवर इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे उंच खांब उभे राहत आणि रग्बी सुरू होई. पहिली काही वर्षे मला वाटे की, मी दोन निरनिराळी मैदाने पाहतो आहे. हे एकच मैदान ऋतूप्रमाणे खेळ पालटते, हे लक्षात यायला बराच काळ गेला. आपल्या लेखकाच्या नजरेतून सुटले ते नेमके हेच असावे.

एका जुलैची दुपार मला स्वच्छ आठवते. पावसाने गाड्या रखडल्या होत्या, कचेरी लवकर सुटली होती आणि व्हीटीला जाऊन गर्दीत उभे राहण्यापेक्षा मी छत्री धरून कुंपणापाशी थांबलो. आठ-आठ जणांची दोन टोळकी डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटत होती. त्यांच्या अंगांतून चक्क वाफा निघत होत्या. बुटांखालची जमीन लोण्यासारखी सरकत होती, आणि अंगातल्या बनियनचा रंग कोणत्या संघाचा हे शोधण्यात अर्थ उरला नव्हता, कारण सगळेच मातकट झाले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुरिअरवाल्या पोराने विचारले, “काका, ही कुस्ती की कबड्डी?” मी म्हटले, “दोन्ही असावं.” तेवढ्यात त्या ढिगाऱ्यातून लंबगोल चेंडू बाहेर आला, मागच्या मागे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिला, आणि तिसरा जो कडेने सुटला तो थेट गोलरेषेपलीकडे चिखलात लोळण घेऊनच थांबला. माझ्या शेजारचा पोरगा त्याला नियम ठाऊक नसताना ओरडला.

त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता मी तिथेच एका माळ्याला काम करताना पाहिले. खांब निघाले होते. त्यांच्या खड्ड्यांत तो घमेल्याने माती भरत होता, तळहाताने थापत होता आणि जिथे गवत उपटून निघाले होते तिथे हरळीच्या काड्या ओळीने खोचत होता. “दिवाळीपर्यंत हितं कुणाला पाय ठेवू द्यायचा न्हाई,” तो मला कुंपणातून म्हणाला. एक मैदान दोन खेळांना पुरवायचे म्हणजे काय, याचे मला मिळालेले सर्वांत थोडक्यातले उत्तर ते होते.

आता इतिहासाकडे वळतो. फोर्टच्या तटबंदीसमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा म्हणजे एस्प्लनेड. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली गेली, रस्ते झाले, आणि त्या मोकळ्या पट्ट्याचे तुकडे आज आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज या नावांनी ओळखतो. यातल्या आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला १८७५ साली बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली. तो केवळ युरोपियनांसाठी होता. उरलेल्या मोकळ्या जागेवर पारशी आणि त्यांच्या पाठोपाठ हिंदू व मुसलमान तरुण क्रिकेट खेळत.

हे मैदान पुढे दोन खेळांनी वाटून घेतले, या गोष्टीचे महत्त्व कळायचे असेल तर आधी एक वाटणी कशी फसली ते पाहायला हवे. १८८०च्या दशकाच्या आरंभी युरोपियन मंडळी एतद्देशीयांच्या त्या मोकळ्या मैदानावर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई, आणि मग तिथे टप्पा पडलेला चेंडू फलंदाजाच्या कपाळाकडे जाईल की घोट्याकडे, हे सांगता येत नसे. पारशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. अर्जदारांचे म्हणणे साधे होते : पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो, आणि पोलोसाठी दुसरी जागा शोधता येते. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढे तो फिरवलाही गेला. यातली खरी मेख अशी की, साहेबांच्या स्वतःच्या क्रिकेटची हिरवळ घोड्यांच्या टापांपासून जपली जात होती. टापांनी खेळपट्टीचे काय होते ते त्यांना उत्तम कळत होते. फक्त ते कळणे कुंपणापाशी संपत होते. अखेर सरकारने समुद्राकाठच्या केनेडी सी फेसवर वेगवेगळ्या समाजांना जागा दिल्या, आणि आज मरीन ड्राइव्हवर ओळीने दिसणारे पारशी, इस्लाम व हिंदू जिमखाने उभे राहिले.

त्यानंतरचे क्रिकेट आपल्या लेखात आले आहे, तरी काही गोष्टी घाईत सुटल्या आहेत. १८९० च्या जानेवारीत जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ भारतात आला असता या मैदानावर पारशांनी त्याला चार गडी राखून हरवले. त्या दौऱ्यातला त्या संघाचा तो एकमेव पराभव. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने सुरू झाले, १९०७ मध्ये हिंदू आले आणि १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली.

हिंदूंना हे स्थान कोणी दानात दिले नाही. १९०६ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, आणि त्या विजयाचा एक मोठा शिल्पकार होता पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडणारा, रोलर फिरवणारा, सरावाच्या जाळ्यात साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज चांभार समाजातला होता. संघातले सवर्ण सहकारी मैदानावर त्याने फेकलेला चेंडू झेलत, आणि चहाच्या वेळी त्याला मातीच्या पात्रात वेगळा चहा मिळत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने शंभरहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी नीट आले नाही; ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. या मैदानाविषयी लिहिताना साहेब आणि नेटिव एवढाच भेद सांगून थांबणे पुरेसे नाही, हे मला यासाठीच नोंदवावेसे वाटते.

१ डिसेंबर १९२६ रोजी सी. के. नायडूंनी येथे एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) या इंग्लिश क्लबच्या संघाविरुद्ध हिंदूंकडून दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार होते. त्याच महिन्यात अखिल भारतीय संघाकडून प्रा. दि. ब. देवधरांनी त्याच एमसीसीविरुद्ध १४८ धावा केल्या. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या देवधरांची ही खेळी नायडूंच्या षटकारांमागे झाकली गेली, आणि आपल्या लेखातही ती आलेली नाही. एमसीसीचे कर्णधार आर्थर गिलिगन यांनी भारताने कसोटी खेळायला हरकत नाही असा कौल दिला, त्यामागे हे दोन्ही डाव होते.

मग १५ डिसेंबर १९३३. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन, ज्याचा जन्म याच मुंबईतल्या मलबार हिलवरचा. भारताचा कर्णधार नायडू. यष्टींमागे जनार्दन नवले, ज्यांनी दीड वर्षापूर्वी लॉर्ड्‌सवर भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळला होता. भारताच्या २१९ धावांना इंग्लंडने ४३८ धावांनी उत्तर दिले. भारताच्या महंमद निसारने ९० धावांत पाच बळी घेतले तरी पदार्पण करणाऱ्या व्हॅलेंटाइनने १३६ काढल्या. दुसऱ्या डावात २१ धावांत दोन गडी गेल्यावर पदार्पणातच खेळणारे लाला अमरनाथ आले आणि नायडूंबरोबर त्यांनी १८६ धावांची भागी केली. अमरनाथांच्या ११८ धावा हे भारताकडून कसोटीत झालेले पहिले शतक. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले असे सांगतात. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला, हे त्या गदारोळात फारसे कुणाच्या ध्यानात राहिले नसावे.

येथवर आपला लेख आणि मी बरोबर चाललो. पण या कसोटीसाठी प्रेक्षक कुठे बसले होते, हे लेखात नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. मैदानाभोवती उभारलेले मंडप तात्पुरते होते. सामना संपला की बांबू आणि कनाती निघत आणि मैदान पुन्हा मोकळे होई. या तात्पुरतेपणामुळेच पुढे दोन्ही गोष्टी घडल्या. पहिली ही की, गर्दी वाढली, जागांच्या वाटपावरून कुरबुरी वाढल्या, आणि चर्चगेटजवळ भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम बांधले गेले. डिसेंबर १९३७ मध्ये ते खुले झाल्यावर मोठे क्रिकेट तिकडे गेले. (जागावाटपाचे भांडणही इमाने इतबारे तिकडे गेले. त्याच वर्षी हिंदूंनी स्पर्धेवर बहिष्कार घातला, आणि पुढे १९७५ मध्ये वानखेडे उभे राहिले तेही तिकिटांच्या वादातूनच. पहिली कसोटी, ब्रेबर्न आणि वानखेडे या तिन्ही ठिकाणांचा इतिहास खुर्च्यांच्या हिशेबात मांडता येईल.) दुसरी गोष्ट, जी लेखातून सर्वस्वी गळली, ती ही की, पक्की प्रेक्षागृहे न बांधल्यामुळे या मैदानाला आखूड कोपरे आले नाहीत. ते हिवाळ्यात गोल आणि पावसाळ्यात चौकोनी होऊ शकले. ज्याला लेखात इतिहासातून बाहेर पडणे म्हटले आहे, त्यानेच या मैदानाला दोन्ही खेळांसाठी राखून ठेवले.

रग्बी ब्रिटिश काळापासूनच जिमखान्याच्या खेळांत आहे. इंग्लंडात हा हिवाळ्यातला खेळ आणि क्रिकेट उन्हाळ्यातले. तिथे एकाच मैदानाने दोघांना आलटून पालटून सांभाळणे ही रुळलेली रीत. मुंबईत आल्यावर ऋतूंची अदलाबदल झाली. हिवाळा क्रिकेटने घेतला, कारण तोच एक सुसह्य काळ. रग्बीला पाऊस मिळाला आणि तो तिला मानवला. रग्बीत माणूस माणसाला धरून जमिनीवर पाडतो. मार्च-एप्रिलच्या आपल्या भाजलेल्या जमिनीवर असे पडणे म्हणजे कोपर आणि खांदा गमावण्याची तयारी. जून-जुलैच्या भिजलेल्या जमिनीवर तोच खेळाडू ऐंशी मिनिटांत चाळीस वेळा पडून उठू शकतो.

त्याची किंमत जमीन मोजते. रग्बीचे मैदान शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटरपर्यंत रुंद असते, म्हणजे गोल मैदानाच्या मधोमध ते आखले की, क्रिकेटच्या खेळपट्ट्यांचा चौकोन नेमका त्याच्या पोटात येतो, आणि झुंबड बहुधा मध्यावरच उडते. खेळपट्टीची माती चिकण आणि दाबून बसवलेली, तर भोवतालच्या मैदानाची माती पाणी जिरवणारी हवी. आणि बुटांचे खिळे या दोन्ही एकत्र कालवतात. अशा मैदानावर ऑक्टोबर हा महिना कुणाच्याच मालकीचा नसतो. त्यात सपाटी करायची, माती टाकायची, गवत धरू द्यायचे, हलका रोलर, मग जड रोलर. हा महिना चुकला की, डिसेंबरातला फलंदाज त्याची फळे भोगतो. तेव्हा दोन खेळांमध्ये हे मैदान वाटले आहे असे आपण म्हणतो, पण खरा तिसरा वाटेकरी माळी आहे, आणि त्याचे नाव कुठल्याही धावफलकावर लागत नाही.

कुणी म्हणेल की, मुंबईत पावसाळ्यातही क्रिकेट होतेच. होते, आणि त्याचा मला अभिमान आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, ओल्या खेळपट्टीवर आणि सीमारेषेजवळच्या वाढलेल्या गवतात चेंडू शोधत. मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र या चिखलात घडले, असे जाणकार सांगत आले आहेत. त्यामुळे रविवारी कामासाठी आलोच तर माझ्या त्या पायवाटेवर उजवीकडे कांगा लीग आणि डावीकडे रग्बी, दोन्हीकडे सारखाच चिखल, असे दृश्य दिसे. १९८८ च्या फेब्रुवारीत याच आझाद मैदानावर शालेय हॅरिस शिल्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली. कुंपणाच्या या बाजूची अशी प्रत्येक गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. त्या बाजूची एकही नाही.

म्हणून रग्बीविषयी थोडे. तिची भारतातली मुळे कोलकात्याची आहेत. १८७२ च्या नाताळात तेथे सामना झाला, पाठोपाठ क्लब निघाला, आणि काही वर्षांत सभासद पांगल्यावर त्यांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवला. नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही एकमेकांकडून जिंकतात. १९२४ मध्ये अखिल भारतीय रग्बी स्पर्धा सुरू झाली. कोलकाता, चेन्नई आणि मुंबई ही तिची ठिकाणे, आणि मुंबईतले ठिकाण म्हणजे हेच मैदान. लष्करी पलटणी, चहामळ्यांचे आणि व्यापारी पेढ्यांचे गोरे नोकर हे तिचे आरंभीचे खेळाडू होते. त्या काळी मराठी वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली नाही, यात नवल नाही आणि दोषही नाही. ज्या खेळात आपले कुणी नव्हते, तो आपण का पाहावा?

परंतु ही स्थिती राहिली नाही. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि खेळ राहिला, हे क्रिकेटबाबत आपण कौतुकाने सांगतो; ते रग्बीबाबतही, लहान प्रमाणात, खरे आहे. १९९८ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ प्रथम आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. त्या संघात अभिनेते राहुल बोस होते, जे बॉम्बे जिमखान्याकडून खेळत आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. अलीकडे मुलीही खेळतात. भारतीय महिलांनी २०१८ मध्ये पंधरा जणींच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत पदार्पण केले आणि २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून पहिला विजय मिळवला. कुस्ती-कबड्डीचे अंग असलेल्या आपल्या मुलामुलींना हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. कुंपणाशी उभ्या त्या कुरिअरवाल्याला तो दोन मिनिटांत कळला होता.

दोन खेळांच्या मैदानाची दुसरी वाट कशी असते, तेही सांगून ठेवतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ईडन पार्क हे क्रिकेट आणि रग्बी यांचे जगातले सर्वांत नावाजलेले सामाईक मैदान. तेथे १९२१ मध्ये रग्बीची आणि १९३० मध्ये क्रिकेटची कसोटी झाली. १९५५ मध्ये न्यूझीलंडचा संघ इंग्लंडकडून तेथे २६ धावांत बाद झाला, जो आजही कसोटीतला नीचांक आहे. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडने तेथे वेस्ट इंडीजला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, आणि सप्टेंबरमध्ये त्याच मातीवर, ६१ हजारांवर प्रेक्षकांसमोर, त्यांच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेविरुद्धची पहिली मालिका खिशात घातली. मराठी वाचकाला ईडन पार्क वेगळ्या कारणाने आठवेल. जानेवारी १९७६ मध्ये कर्णधार बिशनसिंग बेदी जायबंदी झाल्याने सुनील गावसकरांनी तेथे प्रथमच भारताचे नेतृत्व केले, स्वतः ११६ धावा काढल्या आणि प्रसन्नांच्या ७६ धावांतील आठ बळींच्या जोरावर सामना आठ गडी राखून जिंकला. मार्च १९९४ मध्ये सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात प्रथमच सलामीला आला, तोही तेथेच, आणि ४९ चेंडूंत ८२ धावा करून गेला.

आणि गावसकरांच्या त्या सामन्यात पदार्पणात १२४ धावा काढणारा फलंदाज होता सुरिंदर अमरनाथ. बापाचे पदार्पणातले शतक बॉम्बे जिमखान्यावर, लेकाचे ईडन पार्कवर : दोन्ही मैदाने रग्बीशी वाटून घेतलेली. असा योगायोग कुणी कथेत लिहिला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

पण ईडन पार्कने पक्की प्रेक्षागृहे बांधली आणि ती रग्बीच्या आयताला धरून बांधली. परिणामी तिथली समोरची सीमारेषा जेमतेम ५५ मीटरवर आली. गोलंदाज तिला शिव्या देतात आणि मधल्या फळीतला सामान्य फलंदाजही सरळ षटकार मारून जातो. २०१८ नंतर तेथे क्रिकेटची कसोटी झालेली नाही. रग्बीत मात्र न्यूझीलंडचा संघ १९९४ पासून त्या मैदानावर हरलेला नाही. एका खेळाने दुसऱ्याला हळूहळू कोपऱ्यात सारले, तेही वैराने नव्हे, सिमेंटने. आपल्या जिमखान्यावर तसे झाले नाही. तेथे रग्बीचे खांब दर वर्षी उपटले जातात, आणि म्हणूनच दर वर्षी पुन्हा रोवता येतात.

जिमखान्याची मला भलावण करायची नाही. ज्या संस्थेने दीर्घकाळ या देशाच्या माणसांना दाराबाहेर ठेवले तिच्या हिरवळीचे गोडवे गाताना मलाही अवघडल्यासारखे होते, आणि तिचे दार आजही माझ्यासारख्यासाठी कुंपणाइतकेच आहे. परंतु मैदान आणि क्लब या दोन गोष्टी आहेत. मैदानावर बाळूने साहेबांच्या यष्ट्या उडवल्या, अमरनाथने शतक काढले, आणि त्याच मैदानावर कित्येक पावसाळे मुंबईची मुले चिखलात लोळून रग्बी खेळत आली. कसोटीच्या चार दिवसांसाठी हे मैदान इतिहासात घ्यायचे आणि बाकीचे सगळे पावसाळे वगळायचे, हा हिशेब मला पटत नाही.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्या दैनिकाला : जुलै-ऑगस्टमध्ये तेथे रग्बीचे सामने होतात, त्यांचे निकाल निदान चार ओळींत छापावेत, आणि एखाद्या बातमीदाराला मैदान राखणाऱ्या माळ्यांशी बोलायला पाठवावे, कारण त्यांच्याजवळ जे आहे ते कुठल्याही दप्तरात नाही. दुसरी सूचना जिमखान्याला, आपल्या स्तंभामार्फत : आझाद मैदानाच्या पायवाटेकडे तोंड करून, बाहेरच्या माणसाला वाचता येईल असा एक मराठी फलक लावावा. त्यावर १९०६ हवे, १९३३ हवे, पळवणकर बाळू आणि लाला अमरनाथ यांची नावे हवीत, आणि ‘जून ते सप्टेंबर : रग्बी’ ही ओळही हवी. फलक कुंपणाच्या वरच्या कडेला नको. छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल, इतक्या उंचीवर तो असावा.

आपला,
एक जुना वाचक
डोंबिवली